काळजीची वेळ : संध्याकाळी साडेसहा

या वेळच्या टपालात एकाच दुखण्याची बरीच पत्रं आहेत : विचार थांबत नाहीत. त्यातली काही इथे थोडक्यात देत आहोत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : सकाळी डोळे उघडल्यापासून डोक्यात ‘असं झालं तर?’ सुरू होतं. मुलीची स्कूलबस, नवऱ्याच्या कंपनीतली कपात, घराचा हप्ता, आईचं बीपी. एक मिटलं की दुसरं तयार असतं. सगळे म्हणतात, ‘विचार करू नकोस’. तसं ठरवलं की दुपटीने येतात. माझं मनच कमकुवत आहे का?
(नाशिक, वय ३४)

उत्तर : मन ठीक आहे, सल्ला चुकीचा आहे. १९८७ साली डॅनिएल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. शिवाय बंदी उठवल्यावर या मुलांच्या डोक्यात अस्वल जास्त फिरलं, पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांच्या डोक्यात कमी. विचार आला नाही ना, हे पाहायला मनाचा एक कोपरा पहाऱ्यावर बसवावा लागतो आणि तो पहारेकरीच अस्वलाला हाक मारत राहतो.

त्यामुळे विचार येण्याशी भांडू नका. काळजीचं चाक फिरतं ते विचारानंतरच्या पायरीमुळे. ‘बसला काही झालं तर?’ असं मनात येतं, छातीत धडधडतं आणि आपण लगेच उत्तर शोधायला बसतो : ड्रायव्हर चांगला आहे, रस्ता ओळखीचा आहे, तरी एकदा फोन करून बघू. क्षणभर हायसं वाटतं. तेवढ्यावरून मेंदू शिकतो की प्रश्न महत्त्वाचा होता, म्हणूनच उत्तर शोधलं. उद्या तो हाच प्रश्न आणखी तातडीने विचारतो. प्रश्न येणं तुमच्या हातात नाही. त्याला कधी उत्तर द्यायचं, हे मात्र आहे.

यावर एक उपाय थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडला : काळजीला रोज ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा द्यायची, मुदत अर्धा तास. ऐकायला पोरकट वाटतं, पण करून पाहण्यासारखं आहे. तुमच्यासाठी तो असा बसवता येईल.

संध्याकाळी साडेसहा ते सात ही वेळ धरा, किंवा झोपेच्या निदान दोन तास आधीची दुसरी कुठलीही. जागा अशी हवी जिथे एरवी बसत नाही. जेवणाच्या टेबलाची कोपऱ्यातली खुर्ची चालेल. पलंग नको, कारण पलंगावर काळजी करत राहिलं की पाठ टेकली रे टेकली की काळजी असं समीकरण जुळतं. जवळ खिशात मावेल अशी वही ठेवा. दिवसभरात विचार आला की तीन-चार शब्द टिपा, ‘बस – अपघात’, ‘हप्ता – नोकरी’, आणि मनाशी म्हणा, ‘साडेसहाला.’ मग हातातल्या कामावर परत या : कणकेचा ओलावा, स्क्रीनवरची ओळ, समोरच्या माणसाचं वाक्य. पाच मिनिटांनी तोच विचार पुन्हा आला तर नुसती रेघ ओढा. पहिल्या आठवड्यात दिवसाला तीस-चाळीस रेघा झाल्या तरी घाबरू नका. विचार वाढलेले नसतात, आता ते मोजले जाताहेत इतकंच.

साडेसहाला वही उघडायची. काही ओळी वाळून गेलेल्या दिसतील, त्या खोडा. उरलेल्या प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा : यावर या आठवड्यात मी हाताने किंवा तोंडाने करण्यासारखं काही आहे का? ‘नोकरी गेली तर हप्ता कसा भरणार?’ यावर आहे. शनिवारी ११ वाजता पासबुक आणि एफडीच्या पावत्या घेऊन बसायचं आणि किती महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत ते मोजायचं. एवढंच लिहा, दिवस आणि वेळेसकट. ‘पैशांचं बघायला हवं’ हे काम नव्हे, ती परत काळजीच.

‘बसला अपघात झाला तर?’ यावर बसमध्ये मदतनीस आहे का, हे एकदा विचारून घेणं एवढंच काम. ते झालं असेल तर बाकीचा प्रश्न सुटणारा नाही. असा एक प्रश्न निवडा आणि दहा मिनिटं त्याच्यावरच लिहीत राहा : मग काय होईल, त्यानंतर काय, मी काय करीन, कोण येईल. काळजीची खोड अशी की ती वाक्यांत बोलते आणि सगळ्यात नकोशा जागी पोचायच्या आत दुसऱ्या विषयावर उडी मारते. म्हणून ती कधी संपत नाही. एका जागी बसवली की सहाव्या-सातव्या मिनिटाला बहुतेकांना कंटाळा येतो. हा कंटाळा हवाच आहे. अपवाद एक : प्रत्यक्ष घडलेला अपघात, हिंसा किंवा मृत्यू डोळ्यांसमोर येत असेल तर हे लिखाण एकट्याने करू नका, तज्ज्ञासोबत करा.

हे फसतं कुठे? सगळ्यात जास्त वेळा, बरा दिवस गेला म्हणून बैठक चुकवली जाते तिथे. मग दुसऱ्या दिवशी ‘साडेसहाला’ म्हटलं की मनाला ती थाप वाटते. वहीत काही नसलं तरी पाच मिनिटं खुर्चीत बसून उठा. दुसरी चूक फोनमध्ये टिपण्याची. नोंद करायला उघडलेला फोन व्हॉट्सॲपवर जाऊन थांबतो. आणि चौथ्या दिवशी निकाल लावू नका. दोन-तीन आठवडे द्या.

प्रश्न : मुलगा पुण्यात बाइकने ऑफिसला जातो. पोचल्यावर मेसेज आला नाही तर माझा जीव टांगणीला लागतो. निळ्या खुणा झाल्या का, शेवटचा ऑनलाइन कधी होता, बघत बसते. दिवसात सात-आठ फोन होतात. तो चिडतो. पण आई आहे, काळजी कशी सोडू?
(सातारा, वय ६१)

उत्तर : ताई, सोडायला कोण सांगतंय? आपल्या भाषेने इथे एक मोठी सोय करून ठेवली आहे. काळजी ‘घेता’ येते आणि काळजी ‘करता’ येते. शब्द एकच, क्रियापद बदललं की गोष्ट बदलते. काळजी घेणं ही कृती आहे, ती पूर्ण होते : चांगलं हेल्मेट घेऊन दिलं, ब्रेक आणि टायर तपासून घे म्हणून सांगितलं, संपलं. काळजी करणं डोक्यात चालतं आणि त्याला शेवट नसतो. तुम्हाला धास्ती ही वाटते की करणं थांबवलं तर घेणंही थांबेल, म्हणजे माया कमी झाली. शिवाय आत कुठेतरी असंही वाटत असतं की मी काळजी करते म्हणूनच आजवर सगळं सुरळीत आहे. हजारो वेळा तो सुखरूप पोचला, त्याचं श्रेय काळजीच घेऊन जाते.

यातून बाहेर यायला फोन एकदम तोडू नका. पहिले तीन दिवस काहीही न बदलता फक्त मोजा : फोन किती, मेसेज किती, शेवटचा ऑनलाइन किती वेळा पाहिलं. पाहणंही विचारण्याइतकंच धरा. बऱ्याच जणी फोन कमी करतात आणि निळ्या खुणा दुपटीने बघतात.

मग मुलाशी एक करार करा. पोचल्यावर त्याचा एक मेसेज, घरी आल्यावर एक. त्यापलीकडे विचारावंसं वाटलं की घड्याळ लावून १० मिनिटं थांबायचं. चार दिवसांनी २०, नंतर ४०. थांबताना वहीत तीन रकाने आखा : मला काय झालं असं वाटतंय, त्याची खात्री शंभरात किती, आणि खरं काय निघालं. ‘अपघात – ७०’ असं लिहिलंय आणि समोर ‘मीटिंगमध्ये होता’. दोन आठवड्यांत अशा तीसेक ओळी होतात. त्या सलग वाचल्यावर जे पटतं, ते कुणाच्या समजावण्याने पटत नाही.

थांबल्यावर अस्वस्थता आधी चढेल. तुम्ही फोन केला नाहीत तरी ती आपोआप ओसरते, हेच तर शिकायचं आहे. चढत असतानाच फोन केलात तर उतार कधी बघायलाच मिळत नाही. म्हणून दहा मिनिटं म्हणजे पुरी दहा, नवव्या मिनिटाला फोन नाही.

मुलासाठीही दोन शब्द. ‘अगं, मला काही होत नाही’ असं प्रत्येक वेळी सांगणं म्हणजे तहान लागलेल्याला मिठाचं पाणी देण्यासारखं आहे. आणि चिडून फोन उचलायचा नाही, हे तर त्याहून वाईट, कारण मग कल्पनेला मोकळं रान मिळतं. त्याने शांतपणे म्हणावं, ‘आई, हा काळजीचा फोन आहे का? मग आपण ठरवलंय तसं करूया. आज जेवायला काय केलंस ते सांग.’ हे वाक्य दोघांनी आधी ठरवलेलं असलं पाहिजे. ऐनवेळी म्हटलं तर टोमणा वाटतो.

प्रश्न : एमपीएससीची तयारी करतोय, कॉट बेसिसवर राहतो. रोज पहाटे तीनला जाग येते आणि ‘या वेळीही झालं नाही तर’ सुरू होतं. सहापर्यंत तळमळतो, मग अभ्यासिकेत चहावर दिवस काढतो. खोल श्वास घेऊन पाहिले तर उलट चक्कर आली.
(पुणे, वय २६)

उत्तर : आधी चहाचा हिशोब. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी साधारण निम्मं पाच तासांनंतरही शरीरात असतं. रात्री आठचा चहा तुम्हाला झोपू देत असेलही, पण झोप उथळ करतो. शेवटचा चहा दुपारी दोनचा. रोजचे सहा-सात कप असतील तर दर तीन दिवसांनी एक कमी करा. एकदम सोडलात तर दोन दिवस डोकं ठणकेल आणि तुम्ही दोष अभ्यासाला द्याल.

पहाटे तीनला प्रश्न मोठे दिसतात. त्या वेळी कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, तयारी सोडायची की नाही हा तर नाहीच. अंदाजे वीस मिनिटं झोप आली नाही असं वाटलं की उठा. घड्याळ बघू नका, फोन उलटा आणि हाताच्या अंतरापलीकडे ठेवा. खोलीत तिघं झोपले असतील तर बाहेर पॅसेजमध्ये किंवा जिन्यात मंद उजेडात बसा आणि अभ्यासाशी संबंध नसलेलं काहीतरी रटाळ वाचा. डोळे मिटू लागले की परत कॉटवर. चालू घडामोडींचं मासिक मात्र नको. उठायची वेळ रोज एकच, रविवारीही, आणि दुपारी झोप नाही. पहिला आठवडा जड जातो, कारण थकवा साठतो. तो साठलेला थकवाच पुढे झोप सलग करतो.

चक्कर आली कारण श्वास मोठे घेतलेत. अस्वस्थ असताना आपण आधीच जास्त हवा खेचत असतो. त्यावर आणखी छाती भरून श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. श्वास मोठा नको, संथ हवा. नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पाच मिनिटं पुरे. हात पोटावर ठेवा. पोट हलायला हवं, खांदे नाही. सराव दिवसा, बरं वाटत असताना करा. पोहणं पुरात शिकत नाहीत.

निकाल तुमच्या हातात नाही आणि जागा मोजक्या आहेत, हे कुठल्याही तंत्राने बदलणार नाही. पण ‘झालं नाही तर’ याचं उत्तर साडेसहाच्या वहीत एकदा नीट लिहिता येतं : आणखी किती प्रयत्न, कुठल्या तारखेपर्यंत, आणि त्यासोबत दुसरं काय सुरू ठेवायचं. तारीख लिहिलेली असली की पहाटे तिच्यावर पुन्हा सभा भरवायचं कारण उरत नाही. आणि या विचारांत कधी ‘मेलेलं बरं’ असं डोकावत असेल तर वही बाजूला ठेवा, रूममेटला उठवा आणि १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. ती २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास मोफत मिळते आणि मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : छातीत भरून येतं, धडधडतं. दोनदा ईसीजी, एकदा टूडी इको, सगळं नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून झोपताना ०.२५ ची गोळी दिली होती. आता आठ महिने झाले, मेडिकलमधून आणून घेतोय. नाही घेतली तर हात थरथरतात. मला नेमकं काय झालंय?
(कोल्हापूर, वय ४७)

उत्तर : गोळीपासून सुरुवात करू, कारण घाई तिथे आहे. तुम्ही लिहिलेल्या मात्रेवरून ती अल्प्राझोलाम असावी. पाकिटावर पाहून घ्या. या गटातल्या गोळ्या अर्ध्या तासात बरं वाटायला लावतात आणि म्हणूनच फसवतात. रोज घेतल्या की काही आठवड्यांत शरीराला सवय लागते, आणि चुकली की जी थरथर होते तिलाच आपण आजार परत आला असं समजतो. आज रात्रीपासून बंद, असं अजिबात करू नका. एकदम तोडल्याने फिटही येऊ शकते. मानसोपचारतज्ज्ञ ती आठवड्या-आठवड्याने उतरवून देतात. हे औषध चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने परवानगी नाही, एवढं तुमच्या दुकानदाराला ठाऊक असतं.

सततच्या चिंतेवर दीर्घकाळ वापरली जाणारी औषधं वेगळ्या गटातली आहेत, एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी. त्यांची सवय लागण्याची भीती नसते, पण त्यांना धीर लागतो. गुण दिसायला दोन ते सहा आठवडे, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा थोडी जास्तच घालमेल. नेमकं याच आठवड्यात लोक ‘मला हे औषध सोसत नाही’ म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावं लागतं. बंद करायचं तेही डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

आता ‘काय झालंय’. बहुतेक दिवस आवरता न येणारी काळजी, सोबत थकवा, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं, लक्ष न लागणं, आणि हे सगळं सहा महिन्यांहून जास्त असेल तर डॉक्टर सार्वत्रिक चिंताविकाराचा विचार करतात. दवाखान्यात जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची यादी देतात : मागच्या दोन आठवड्यांवर प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २१. दहा किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी व्हायला हवी. ही यादी निदान करत नाही, दार दाखवते.

तपासण्यांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : एकदाच पुरत्या करा आणि थांबा. इको झाला आहे. थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन आणि साखर झाली नसेल तर करून घ्या, कारण थायरॉइड वाढल्यावर किंवा रक्त कमी असल्यावर अशीच धडधड होते. त्यानंतरचा तिसरा ईसीजी हा साताऱ्याच्या ताईंच्या आठव्या फोनसारखाच असेल. मात्र चालताना किंवा जिना चढताना येणारं, थांबल्यावर कमी होणारं दुखणं, किंवा हात, जबडा, पाठीकडे जाणारी कळ आणि घाम, हे नवीन लक्षण आहे. तेव्हा चिंता समजून घरी बसायचं नाही, थेट इस्पितळ गाठायचं.

खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग असतो. तिथे दाखवलं म्हणजे दाखल करून घेतात, हा गैरसमज आहे. गोळ्यांसोबत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे बोधात्मक वर्तनोपचाराची (सीबीटी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायचा उपचार) दहा-पंधरा सत्रं झाली तर उत्तम. पहिल्याच भेटीत विचारा, ‘घरी करायला काय देणार?’ नुसतं बोलून मोकळं होणं आणि हा उपचार यांत फरक आहे. यात गृहपाठ असतो.

प्रश्न : वाईट विचार आला की मी नामस्मरण करते. पूर्वी शांत वाटायचं. आता १०८ पुरे झाले नाहीत तर घरच्यांना काही होईल अशी भीती वाटते, म्हणून पहिल्यापासून मोजते.
(मडगाव, वय ५५)

उत्तर : ठरल्या वेळी, विचार आलेले असोत वा नसोत, केलेला जप मन एका जागी ठेवायला मदत करतो. विचार पुसून टाकायला वापरला की तो जप राहत नाही, खोडरबर होतो आणि रबराला रोज जास्त जोर लागतो. तुमच्या पत्रातली ‘पुरे झाले नाहीत तर’ ही अट आणि पुन्हा मोजणं पाहता ही साधी काळजी नसून मंत्रचळाकडे (ओसीडी, म्हणजे भीती शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणं) झुकणारी गोष्ट असू शकते. त्यावरचा उपचार वेगळा आहे : भीती येऊ द्यायची आणि मोजणी करायची नाही, पायरीपायरीने, तज्ज्ञाच्या देखरेखीत. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा. जाईपर्यंत एवढं करा : आकडा चुकला तर चुकू द्या, पहिल्यापासून सुरू करू नका.

प्रश्न : व्यायामाने फरक पडतो का? आणि वह्या भरल्या की त्यांचं काय करायचं?
(नागपूर)

उत्तर : पडतो. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने अर्धा तास चालणं, आठवड्यातून पाच दिवस. उन्हाळ्यात नागपुरात हे सकाळी सातच्या आत उरकावं लागेल. चालताना इअरफोनवर बातम्या नकोत.

वही फाडू किंवा जाळू नका, तसा विधी केला की तिला नको इतकं वजन येतं. तारखा घालून ठेवा. महिन्याने एकदा वाचा आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा : घडलं, घडलं नाही, घडलं पण निभावलं. मग तीन आकडे शेवटच्या पानावर लिहून नवी वही घ्या.